जुन्या घाटाची गिटार घडवताना : खचलेला टॉप आणि पुढचं काम

तारषड्ज

मंडळी, सात महिने रोज संध्याकाळी ज्या कामाला बसत होतो ते परवा अडलं. हाताने घडवलेल्या गिटारला तारा चढवल्या आणि चौथ्या दिवशी तिचा टॉप, म्हणजे पुढची फळी, ब्रिजच्या (टॉपवरच्या, तारा बांधायच्या ठोकळ्याच्या) पुढ्यात खचला. पोलादी पट्टी उभी धरली की ब्रिज आणि भोक यांच्यामध्ये पट्टीखालून उजेड दिसतो, आणि ब्रिजच्या मागे फळी तेवढीच फुगलेली आहे. तारा लगेच उतरवल्या. ते चार दिवस ती ज्या आवाजात बोलली तो मात्र कानातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मला नायलॉन तारांची, लहान अंगाची गिटार हवी होती आणि घाट हवा होता आंतोनिओ दे तोरेसचा. तोरेस (१८१७–१८९२) हा स्पेनमधला कारागीर. आज जिला क्लासिकल गिटार म्हणतात तिचं अंग, ६५० मिलीमीटरच्या आसपासची तारेची लांबी, टॉपच्या आतून पंख्यासारख्या पसरलेल्या सात पट्ट्या, हे सगळं त्याच्या कामातून रूढ झालं. पंख्याच्या पट्ट्या त्याच्या आधीही होत्या. अठराव्या शतकात सेव्हिल आणि कादिझचे कारागीर त्या लावत होते. तोरेसने अंग वाढवलं, टॉप पातळ केला, त्याला घुमटासारखा अगदी हलका बाक दिला आणि वाद्याची सगळी मदार त्या एका फळीवर ठेवली. १८६२ साली तर त्याने पाठ आणि बाजू कागदी लगद्याच्या केल्या, टॉप तेवढा लाकडाचा. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तिचा फोटो पहिल्यांदा पाहिला त्या दिवशीच ठरवलं, की करायची तर अशीच.

माझी सामग्री: टॉपला स्प्रूस, पाठीला आणि बाजूंना मेपल, मानेला सेद्रेला, चिकटवायला सरस. बांधणी स्पॅनिश पद्धतीची. म्हणजे मान शेवटी जोडायची नाही. मानेच्या टाचेला दोन्हीकडे खाचा करून बाजू त्यात बसवायच्या, आणि टॉप पालथा ठेवून त्याच्यावर अख्खं वाद्य रचत जायचं. टॉपची जाडी एका जुन्या वाद्याच्या आराखड्यावरून घेतली: मध्यभागी २.१ मिलीमीटर, कडेला १.७. शेवटचे दोन दिवस तर दर दहा मिनिटांनी कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं उपकरण, लावत होतो. आराखड्यातला आकडा कुठेही सोडला नाही.

मग चुकलं कुठे? आणि हा टॉप वाचवता येईल का?

निरगाठ

वाचून जीव हळहळला. सात महिने म्हणजे काय ते मला कळतं, मी स्वतः अजून लाकूड जमवण्याच्या पायरीवरच आहे. उत्तर द्यायची माझी पात्रता नाही, पण दोन गोष्टी विचारते. बाजू वाकवल्या कशा? मेपल फार मोडतं असं ऐकलंय. आणि सरस म्हणजे तो जुना, वास येणारा सरसच का? साधा पांढरा गोंद का नाही? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

काटकोन

तीन प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं दे, मग बोलू.

फळी पातळ करायला घेतलीस तेव्हा तिचं वजन केलंस का? पातळ करत असताना दोन्ही हातांत धरून वाकवून पाहत होतास का? आणि फळी करवतीने काढलेली होती की फोडून काढलेली? म्हणजे लाकडाचे तंतू फळीच्या पृष्ठाला समांतर धावत होते, की तिरके वर येऊन बाहेर पडत होते?

आराखड्यात लिहिलेली जाडी त्या कारागिराच्या फळीची आहे. त्याच्या हाताला ती फळी पुरेशी लवचीक लागली तिथे त्याने रंधा थांबवला. नंतर कोणीतरी मोजलं आणि कागदावर २.१ लिहिलं. तुझी फळी कुठे थांबायची होती हे त्या कागदाला कसं ठाऊक असणार?

लाखदाणा

काटकोन यांच्याशी सहमत. त्यात एक भर. पट्ट्या चिकटवल्या त्या दिवशी हवेतली आर्द्रता किती होती? फळी आडवी आकसते, उभी जवळजवळ नाही. दमट हवेत पट्ट्या चिकटवल्या आणि पुढे हवा कोरडी झाली की टॉप आकसायला बघतो, पण आतल्या आडव्या पट्ट्या आकसत नाहीत. मग घुमट सपाट होतो, कधी फळी चिरते. ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान काम करावं.

तारषड्ज

लाखदाणा, खोलीत मापक होता, ४८ टक्के. ती बाजू ठीक होती.

काटकोनकाका, तिन्ही प्रश्नांना उत्तर "नाही" असंच आहे. वजन केलं नाही. वाकवून पाहिलं नाही, कारण नजर सतत कॅलिपरच्या काट्यावर होती. आणि फळी करवतीने काढलेली होती, तंतू कसे धावतात ते पाहिलं नाही. तुमचं शेवटचं वाक्य वाचून रात्री उशिरापर्यंत जागा होतो.

निरगाठ, तुमच्या प्रश्नांना सविस्तर उत्तर देतो, कारण या दोन गोष्टी मला खरोखर जमल्या.

बाजू १.९ मिलीमीटरपर्यंत पातळ केल्या आणि गरम नळीवर वाकवल्या. नळी इतकी तापायला हवी, की पाण्याचा थेंब तिच्यावर टिकत नाही, नाचत उडून जातो. बाजू ओली करायची, पण भिजत घालायची नाही. आधी कमरेचा बाक, कारण तिथे वळण सगळ्यात लहान. लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं, ते उष्णतेने मऊ होतं. आपण हलका दाब देत बसायचं. लाकूड आधी अडून बसतं. हाताला वाटतं आता मोडणार. आणि मग एका क्षणी ते आपसूक सैल पडतं, ओल्या चामड्यासारखं. तो क्षण हातात कळला की पुढचं सोपं. माझी पहिली बाजू मोडली ती मी दोन्ही टोकं धरून ओढली म्हणून. बोटं नळीच्या अगदी जवळ हवीत, दाब तिथेच पडायला हवा. मेपलमध्ये लाटा असतील तर प्रत्येक लाट म्हणजे तुटायची एक जागा समजा, आणि मागून पातळ पत्र्याची पट्टी लावून आधार द्या.

आता सरस. हो, तोच. दाणे थंड पाण्यात फुगू द्यायचे, मग भांड्यात पाणी तापवून त्यात दुसरं भांडं ठेवून साधारण ६० अंशांवर विरघळवायचे. फार तापवला तर ताकद जाते. लावल्यावर मिनिटभरात गोठू लागतो, म्हणून लाकडाचे दोन्ही भाग आधी कोमट करून ठेवावे लागतात आणि क्लॅम्प हाताशी तयार लागतात. एवढी दगदग कशासाठी, तर सुकल्यावर सरस काचेसारखा कडक होतो आणि सततच्या ताणाखाली सरकत नाही. पांढरा गोंद थोडा थोडा सरकतो. शिवाय सरसाचा सांधा उष्णतेने आणि ओलाव्याने पुन्हा उघडतो. हा गुण आता मला किती लागणार आहे ते दिसतंच आहे.

अणुरणन

काटकोन यांनी जे हाताने सांगितलं त्यामागचा हिशेब मांडतो.

फळीचं वजन जाडीच्या प्रमाणात कमी होतं, पण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात. २.५ मिलीमीटरची फळी २.० वर आणली तर वजन २० टक्के घटतं आणि ताठपणा जवळजवळ निम्मा होतो (०.८ चा घन ०.५१). म्हणून शेवटच्या दोन दशांश मिलीमीटरमध्ये सगळं घडतं, चांगलं आणि वाईटही. आतल्या पट्ट्यांनाही हाच नियम: उंचीचा घन, रुंदीचा नुसता पट. उंच आणि अरुंद पट्टी कमी वजनात जास्त आधार देते.

आता भार किती ते पाहा. सहा नायलॉन तारांचा मिळून ताण साधारण ४० किलोच्या घरात असतो आणि तारा टॉपपासून सेंटीमीटरभर वर बांधलेल्या असतात. त्यामुळे ब्रिज नुसता ओढला जात नाही, पुढे कलंडायला बघतो: पुढची फळी दाबतो, मागची उचलतो. तारषड्ज यांनी वर्णन केलंय ते नेमकं हेच. थोडा कल प्रत्येक चांगल्या गिटारमध्ये असतोच, तो दोष नव्हे. तो वाढत गेला तर फळी भाराला पुरी पडत नाही असं समजायचं.

कोणी वाचक अशा गिटारला पोलादी तारा चढवायचा विचार करत असेल तर कृपया करू नका. तो ताण ७० किलोच्या पुढे जातो.

खर्ज

मी वाजवणारा, घडवणारा नाही. तरी एक विनंती करतो: घाबरून पुढचा टॉप जाड करू नका. जाड टॉपच्या गिटारी मी पुष्कळ हाताळल्या आहेत. पहिल्या तारेवर सूर निघतो तो छेडल्याजागीच बसतो. तुम्ही लिहिलंत ना, चार दिवसांचा तो आवाज कानातून जात नाही? तोच मिळवायचा आहे, टिकाऊ करून.

आणखी एक. तोरेसच्या काळी तारा आतड्याच्या होत्या. स्पॅनिश गिटारवादक तार्रेगाने १८६४ सालच्या तोरेस गिटारवर जे वाजवलं ते आतड्याच्या तारांवरच. नायलॉनच्या तारा १९४० च्या दशकात आल्या, कारागीर ऑगस्टिन आणि वादक सेगोव्हिया यांच्या प्रयत्नातून. म्हणजे घाट जुना आणि तारा नव्या, अशी ही जोडी आहे. कमी ताणाच्या तारांचा संच घेतला तर जुन्या घाटाला तो मानवतो, असा माझा अनुभव.

जाता जाता, पाठीला रोझवूड का नाही घेतलंत?

तारषड्ज

खर्ज, जाड करणार नाही, शब्द देतो.

रोझवूड दोन कारणांनी टाळलं. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे आणि २०१७ पासून दालबर्जिया कुळातलं बाकीचं लाकूडही दुसऱ्या परिशिष्टात आलं. तयार वाद्यांना २०१९ मध्ये बरीच सूट मिळाली, पण कच्च्या लाकडाचं तसं नाही. दुसरं कारण मनाचं. कागदी लगद्याच्या पाठीवर ज्याचा टॉप बोलला त्याच्या घाटासाठी झाडांची ती जात कमी होत असताना हट्ट धरणं मला पटेना. मेपल हलकं, उजळ आणि जुन्या वाद्यांतही भरपूर वापरलेलं.

काटकोनकाका, आता सांगा. भोकातून हात घालून दोन पट्ट्या वाढवाव्यात का?

काटकोन

वाढवता येतील. पण ते ठिगळ होईल आणि तुझा आवाज त्या पट्ट्यांखाली दबेल. तू सरस वापरलास, त्याचा फायदा घे. टॉप काढ.

स्पॅनिश बांधणीत टॉप मानेवर चढलेला असतो आणि त्याच्यावर फिंगरबोर्ड, म्हणजे पडद्यांची पट्टी, म्हणून क्रम चुकवू नकोस. आधी फिंगरबोर्डवर इस्त्री ठेवून तो तापव आणि पातळ सुरीने हळूहळू सोडव. पडदे तापतील, बोटं सांभाळ. मग कडेची शोभेची पट्टी पटाशीने काढ, ती वाचणार नाही, नवी करावी लागेल. त्यानंतर गरम सुरी आणि पाण्याचा हात फिरवत टॉप आतल्या ठोकळ्यांपासून सुटा कर. घाई झाली की बाजूचं लाकूड टॉपबरोबर उचकटतं. एका बैठकीत करायचं काम नाही हे.

आणि काढलेला टॉप टाकून देऊ नकोस. त्याच फळीचे कापून राहिलेले तुकडे असतील तर तेही शोधून ठेव. मला त्यातला एक फोडून हवा आहे.

निरगाठ

फिंगरबोर्डचा विषय निघालाच आहे तर विचारते. जुना घाट घेतला तर पडद्यांच्या जागाही जुन्या हिशेबाने घ्यायच्या का?

तारषड्ज

निरगाठ, इथे मात्र जुनं सोडलं. जुना हिशेब अठराचा: तारेच्या उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा. सोळाव्या शतकात व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी, म्हणजे गॅलिलिओच्या वडिलांनी, ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यासाठी तो मांडला होता. ६५० च्या तारेवर त्याने पहिला पडदा ३६.१ मिलीमीटरवर येतो आणि बारावा ३२२.६ वर. पण बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२५ वर हवा. आजचा आकडा १७.८१७: पहिला पडदा ३६.५ वर, बारावा नेमका ३२५ वर. अडीच मिलीमीटरचा हा फरक कानाला चांगलाच जाणवतो. शिवाय तार दाबली की थोडी ताणली जाते, म्हणून सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी, ६५० च्या पुढे दीड-दोन मिलीमीटर सरकवून बसवावं लागतं.

काका, कामाला लागतो. थोडे दिवस इथे दिसणार नाही.

तारषड्ज

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

टॉप निघाला. सहा संध्याकाळ लागल्या. बाजू शाबूत, मान शाबूत, एकही ठोकळा तुटला नाही. शेवटचा सांधा सुटला तेव्हा फळी हातात आली ती इतकी हलकी, की थोडा वेळ तशीच धरून उभा राहिलो.

मग काकांनी सांगितलेलं केलं. त्याच फळीचा कापून राहिलेला तुकडा उभा धरला, डोक्यावर पटाशी ठेवली आणि हातोडीने टोला दिला. करवत लाकूड आपल्या मर्जीने कापते, पण फुटताना ते आपल्या तंतूंच्या वाटेनेच फुटतं. तुकडा पंधरा सेंटीमीटर लांब होता. वरून मधोमध सुरू झालेली फूट खालपर्यंत पोचलीच नाही, तिरकी जाऊन कडेतून बाहेर पडली. म्हणजे माझ्या टॉपमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारे तंतू फारसे नव्हतेच. सगळे आखूड, तिरके, मध्येच संपणारे. वरून पाहताना रेषा इतक्या सरळ आणि सुंदर होत्या, की शंका यायला जागाच नव्हती. बाजूच्या कडेकडे मी पाहिलंच नव्हतं.

नवी फळी फोडलेल्या ओंडक्यातून काढलेली घेतली. दोन्ही फळ्यांच्या उरलेल्या लाकडातून सारख्याच पट्ट्या कापल्या: ४० मिलीमीटर रुंद, ३ मिलीमीटर जाड. ३०० मिलीमीटर अंतरावर दोन टेकू, मध्ये अर्ध्या किलोचं वजन. जुनी ३.८ मिलीमीटर झुकली. नवी २.८.

दोन्ही पट्ट्या आता बाकावर शेजारी शेजारी पडल्यात. दिसायला बहिणी-बहिणी. डोळे मिटून बोटांनी वाकवल्या तर लहान मूलही सांगेल कोणती कुठली.

अणुरणन

उत्तम माप घेतलंत. ३.८ ला २.८ ने भागलं की १.३६. जाडी घनात चालते म्हणून त्याचं घनमूळ काढा: १.११. म्हणजे नवी फळी २.१ वर जितकी ताठ असेल तितका ताठपणा जुन्या फळीकडून हवा होता तर ती २.३ वर थांबवायला हवी होती. तिरक्या तंतूंमुळे चिरण्याचा धोका राहिलाच असता, पण निदान चौथ्या दिवशी खचली नसती.

काटकोन

आता कॅलिपर खिशात ठेव. मध्यभाग जरा जास्त राखून टॉप पातळ कर आणि वाकवत जा, आधी उभा, मग आडवा. फळीच्या टोकापासून साधारण पाव अंतरावर दोन बोटांत सैल धर आणि मधोमध टकटक कर. सुरुवातीला लाकडी फळीचा आखूड ठोका येईल. पातळ होत गेली की तो खाली उतरतो आणि लांबतो. लांबणं थांबून नुसतं उतरू लागलं, की रंधा खाली ठेवायचा. कडा आत्ता पातळ करू नकोस. पेटी बंद झाल्यावर बाहेरून खरवडून घेता येतील, तेव्हा वाद्यच सांगेल किती.

तारषड्ज

दोन महिन्यांनी लिहितोय. नवा टॉप बसला. मध्यभाग शेवटी २.३ वर थांबला. हा आकडा मी सगळं झाल्यावर मोजला. कडा पेटी बंद केल्यावर पोलादी पात्याने खरवडल्या. एक हात आत घालून आणि एक बाहेर ठेवून बोटांनी दाबत गेलो, आणि कडेला फळी बिजागरीसारखी हलायला लागली तिथे थांबलो. ब्रिज नवा केला, १८ ग्रॅमचा. जुना २६ चा होता, तेव्हा वजनच केलं नव्हतं.

तारा चढवून आज अकरावा दिवस. पट्टी लावली तर ब्रिजपुढे किंचित उतार आहे, तो तिसऱ्या दिवसापासून तसाच आहे.

आवाज परत आलाय, खर्ज. पहिला होता तसा नाही, त्याच्यापेक्षा खोल. पण दोन तक्रारी आहेत. एक, पहिल्या तारेवर बारीक झण्ण असा आवाज लागून येतो, मोकळी सोडली तरी. दोन, सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा सूर, पाश्चात्त्य नावाने जी, धप्प येतो आणि लगेच मरतो. त्याच्या आजूबाजूचे सूर छान लांबतात.

षड्जपंचम

मी तंबोरा जुळवणारा माणूस, गिटारमधलं फार कळत नाही. पण मोकळ्या तारेवर झण्ण म्हटल्यावर सॅडलचा माथा पाहा असं सुचवतो. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, तिच्या माथ्याला अगदी सूक्ष्म उतार देतात आणि तारेखाली सूत सरकवून जवारी लावतात. तार त्या उतारावर हलके टेकत-उठत राहते, म्हणून ती आस लागते. तुमच्या सॅडलचा माथा सपाट राहिला असेल तर तार तिथे नकळत जवारीच काढत असेल. आम्हाला जे हवं असतं ते तुम्हाला नको आहे. कानशीने माथा मागच्या बाजूला उतरता करा. तार एकाच धारेवरून सुटली पाहिजे.

अणुरणन

दुसऱ्या तक्रारीबद्दल. पेटीतली हवा आणि भोक मिळून एक स्वतःचा सूर असतो, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर येतो तसा. गिटारमध्ये तो साधारण ९० ते १०० हर्ट्झच्या आसपास पडतो. भोकाजवळ तोंड नेऊन खालून वर गुणगुणत या. एका सुरावर पेटी छातीला लागून थरथरेल, तोच तो. तुमचा जी ९८ हर्ट्झचा आहे. पेटीचा सूर नेमका त्याच्यावर बसला असेल तर पेटी तारेची ताकद एका घोटात पिऊन टाकते: सूर मोठा येतो आणि तिथेच संपतो.

करून पाहण्यासारखा एक प्रयोग तुमच्या जुन्या घाटातच आहे. तोरेसच्या काही गिटारींत भोकाला आतून धातूचं नळकांडं लावलेलं असे, त्याला तोर्नावोझ म्हणत. त्याने हवेचा सूर खाली उतरतो. जाड कागदाचं नळकांडं करून भोकात बसवा आणि ऐका. पाच मिनिटांचं काम आहे.

तारषड्ज

षड्जपंचम, तुमचं निदान अचूक होतं. माथा सपाट होता. कानशीचे सहा-सात हात मारले आणि झण्ण गेलं. तंबोऱ्याच्या घोडीवरून गिटारचं सॅडल दुरुस्त झालं याचा मला फार आनंद आहे.

अणुरणन, गुणगुणून पाहिलं. पेटी जी वर थरथरते, मनगटात कळतं इतकी. चार सेंटीमीटर लांबीचं नळकांडं केलं, पुठ्ठ्यासारख्या चित्रकलेच्या कागदाचं, आणि भोकात सरकवलं. पहिलाच जी वाजवला. तो लांबला. पुन्हा वाजवला, पुन्हा लांबला. पेटीचा सूर आता जी च्या खालच्या एफ या सुराच्याही खाली गेलाय. सगळ्यात खालच्या तारेला अशी काही खोली आली, की बाजूच्या खोलीतून विचारणा झाली, कोणतं दुसरं वाद्य वाजतंय.

पण नळकांडं कायमचं ठेवायचं मन होत नाही. वरच्या तारा त्याने किंचित मागे गेल्यासारख्या वाटतात. पहिल्या टॉपच्या त्या चार दिवसांत वरच्या तारांनीच मला वेडं केलं होतं.

खर्ज

वरच्या तारा जपा. खालच्या मिळवता येतात.

अणुरणन

मग मधला मार्ग घ्या. सूर एफपर्यंत न्यायची गरजच नाही, जी आणि त्याखालचा स्वर यांच्या मधोमध सोडला तरी पुरे, म्हणजे ९५ हर्ट्झच्या आसपास. तीन टक्के उतरवायचं आहे. भोकाचा व्यास साधारण सहा टक्के कमी केला तर तेवढं उतरतं. ८५ मिलीमीटरचं भोक असेल तर ८० करा. आतून अडीच मिलीमीटर डोकावणारी पातळ लाकडी कडी पुरेल. आधी पुठ्ठ्याची करून खात्री करा, मग लाकडाची.

तारषड्ज

पुठ्ठ्याच्या कडीने जमलं. आज मेपलची कडी वाकवून सरसाने बसवली, बाजूंसाठी कापलेल्या पट्टीतून उरलेल्या तुकड्याची. जी सूर आता शेजारच्या सुरांइतकाच लांबतो, जरा जाडसर आहे एवढंच. वरच्या तारा जागच्या जागी.

लाखदाणा, आता तुमच्याकडे यायचं आहे. लाखेचं पॉलिश हाताने, बोळ्यानेच करणार. मेपलची छिद्रं बुजवायला प्युमिस दगडाची पूड भरावी लागेल का?

लाखदाणा

मेपलची छिद्रं बारीक असतात, फारशी लागणार नाही. दोन-तीन हात पातळ लाखेचे द्या, मग पाहा. टॉपवर मात्र जेवढं कमी तेवढं चांगलं. बोळा दाबू नका, विमान उतरतं तसा सरकत टेकवा आणि सरकत उचला. थांबला की तिथे चिकटतो आणि खालचा थर ओरबाडतो. एका दिवसात तीनपेक्षा जास्त हात नकोत. मग महिनाभर तिला तशीच टांगून ठेवा.

निरगाठ

हा धागा वाचून मी जमवलेल्या तिन्ही फळ्यांच्या कडेचे तुकडे आज फोडून पाहिले. दोन तिरक्या फुटल्या. त्यातली एक दिसायला सगळ्यात देखणी होती, तिच्यासाठीच मी अडून बसले होते. तिसरी सरळ फुटली, कागद फाटावा तशी वरपासून खालपर्यंत. तिची पट्टी कापून तारषड्ज यांच्याच मापाने तपासली: ४० रुंद, ३ जाड, ३०० वर टेकू, अर्धा किलो. ३.१ मिलीमीटर झुकली. हिच्यावर पुढे जाऊ का?

काटकोन

जा. जुन्या घाटाचा आराखडा भिंतीवर लाव, पण त्यातले जाडीचे आकडे झाकून टाक. सांधा जुळवताना फळीचे दोन्ही भाग खिडकीच्या उजेडासमोर धर. मध्ये रेषभरही उजेड दिसला तर सरस लावू नकोस.